योखेवेदने काही सांगितलं नाही

योखेवेद अझरान त्या घरात सहा आठवड्यांसाठी आली होती. ही गोष्ट घडली त्या वर्षी त्याला बावीस वर्षं पूर्ण झाली.

घर यरुशलेममधल्या गिवआत शाऊल वस्तीच्या चढावर. एका अंगाला बेकरी, दुसऱ्या अंगाला कबरस्तानाचा रस्ता. त्यामुळे सकाळी ताज्या पावाचा वास यायचा, आणि दुपारी कर्णा लावलेली गाडी आज कोण गेलं, प्रेत कुठून निघणार ते सांगत जायची. यरुशलेमच्या माणसाला दोन्हीची सवय होते. भूक काही मरत नाही.

घरात अठ्ठावीस मुली. मुली म्हणायचं ते लग्न झालेलं नाही म्हणून. त्यांतली एक दाताची डॉक्टर होती आणि तिचे स्वतःचे दोन दात पडलेले होते. या सगळ्या 'परतलेल्या'. म्हणजे आजोबांनी यहुदी धर्म पाळला, बापाने गुंडाळून माळ्यावर टाकला, आणि नातीने तो धूळ झटकून खाली काढला अशातल्या. सकाळी जोडीजोडीने ग्रंथ उघडून घसा बसेपर्यंत वाद घालायचा. दुपारी स्वयंपाक, मांसाची भांडी डावीकडच्या मोरीत, दुधाची उजवीकडच्या, कारण धर्मात दोन्ही एकत्र येता कामा नयेत, आणि ज्या मुलीला डावं-उजवं कळत नसे तिला झाडू. संध्याकाळी लग्न जुळवायचं. वर्ष-दोन वर्षांत मुलगी उजवली जायची, डोक्याला रुमाल बांधून आपल्या घरी जायची, आणि तिच्या पलंगावर नवी परतलेली यायची.

योखेवेद तेवढी परतली ती परतलीच.

आधी ती तेल अवीवच्या दक्षिणेला, पोहण्याचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायला होती. कापड जितकं कमी लागेल तितकं चांगलं, असा तिथला दंडक. इथे आल्यावर बाही कोपराखाली किती आणि परकर गुडघ्याखाली किती, याचा धडा तिला मिळाला. ती म्हणायची, "धंदा तोच. कात्री उलट्या बाजूनं चालवायची, एवढंच." तिचा बाप मोरोक्कोहून आलेला. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी सभास्थानात जायचा, दुपारी फुटबॉलच्या सामन्याला, आणि दोन्हीकडे सारख्याच तळमळीने देवाचं नाव घ्यायचा. मुलगी धर्माच्या घरात राहायला जाते म्हटल्यावर तो म्हणाला, "सहा आठवडेच ना? मग जा." तिला त्या घराकडे ओढून आणणारी मैत्रीण तिसऱ्या दिवशी कंटाळून परत गेली. योखेवेदला कंटाळा आला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत प्रत्येक गोष्ट करायची एक रीत आहे, बूट कोणता आधी घालायचा इथपर्यंत, हे ऐकून तिला हायसं वाटलं होतं.

स्थळं तिलाही आली. हॉटेलांच्या दिवाणखान्यांत बसून, समोर सोड्याचा पेला ठेवून, तिने एकेचाळीस पुरुष पाहिले. काहींना ती काळी वाटली, काहींना थोराड, काहींना हसते जास्त. शेवटचा विधुर होता. त्याने आपल्या सात मुलांची नावं सांगितली आणि तिचं नाव विचारायचं विसरला. ती चाळिशीची झाली त्या वर्षी घराच्या आधीच्या घरमातेचं लग्न ठरलं, आणि किल्ल्यांचा जुडगा योखेवेदच्या हातात आला. घरमाता म्हणजे जिने घराला आईसारखं सांभाळायचं ती. आई व्हायला दुसरी कुठली अट नव्हती.

एक गोष्ट मात्र तिला कधी अंगवळणी पडली नाही. त्या वस्तीत लग्न झालेली बाई डोकं झाकते आणि कुमारिका उघडं ठेवते. एकोणीस वर्षांची पोर रुमाल बांधून बसथांब्यावर उभी असे आणि तिच्या शेजारी एक्कावन्न वर्षांची योखेवेद, पिकलेले केस मोकळ्या हवेत घेऊन. तिच्याबद्दल कुणी काही विचारायची गरजच नसे. डोक्यावरच लिहिलेलं होतं.

तिचं नाव झालं ते जिभेवरून. म्हणजे ती आवरण्यावरून.

घरात रोज दुपारच्या जेवणानंतर जिभेच्या राखणीचे दोन नियम वाचले जात. कुणाबद्दल वाईट बोलू नये. खरं असलं तरी बोलू नये. खरं असलं तर मुळीच बोलू नये. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला ही सवय घेऊन ज्या मुली सैन्यातून आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून आल्या होत्या त्यांना हे फार जड जाई. योखेवेदला ते जमलं. तिच्यासमोर कुणी कुणाचं नाव काढलं की ती इस्त्रीकडे वळे. मुली थट्टा करायच्या, "योखेवेदना आगीचं सांगितलं तर त्या विचारतील, आगीला कळलं तर वाईट नाही ना वाटणार?"

या नियमांना एक अपवाद आहे, आणि तो लग्नाचा. कुणी स्थळाबद्दल चौकशी केली आणि मुलीत खरोखर मोठी खोट असली, तर ती सांगायची. पण पाच अटी पाळून. नीट विचार करायचा, घाई करायची नाही. आहे त्याहून वाढवून सांगायचं नाही. हेतू समोरच्याच्या भल्याचाच हवा. न सांगता दुसऱ्या मार्गाने काम होत असेल तर तो धरायचा. आणि सांगण्याने मुलीचं न्याय्य असेल त्याहून जास्त नुकसान होता कामा नये. पाच बोटं, पाच अटी. टेलिफोन जिन्याखाली, इस्त्रीच्या टेबलाजवळ होता, आणि संध्याकाळी मुलांच्या आया त्यावर चौकशीला येत. योखेवेद एका हातात फोन धरायची आणि दुसऱ्या हाताची बोटं मिटत जायची.

आद्वा त्या घरात आली ती नहारियाहून. चोवीस वर्षांची, उंच, मोठ्याने हसणारी. ग्रंथातल्या वादात समोरचीला पुरती लोळवायची आणि मग तिला चहा करून द्यायची. दीड वर्षात तिने इतकं शिकून घेतलं की शिकवणाऱ्या बाया तिला घाबरू लागल्या. एका शुक्रवारी बटाटे सोलता सोलता ती योखेवेदला म्हणाली, "एक सांगू? तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून सांगते."

"नको मग सांगूस," योखेवेद म्हणाली. "मला ठेवायला जागा नाही."

"जागा करा." आद्वाने सुरी खाली ठेवली नाही. "माझा भाऊ उत्तरेच्या सीमेवर मारला गेला ना, त्यानंतर मला झोप येईना. सहा दिवस. सातव्या दिवशी मी त्याची बॅग भरून फाटकाशी उभी राहिले, तो सुट्टी संपवून निघालाय म्हणून. मग इस्पितळात ठेवलं. मनाच्या. अकरा दिवस."

"आणि मग?"

"मग काय. झोप आली. डॉक्टर म्हणाले, जा घरी, तू बरी आहेस, तुझं दुःख आजारी नाही. गोळीसुद्धा नाही दिली. तीन वर्षं झाली."

"तुझी इडापिडा माझ्यावर गं," योखेवेद म्हणाली. तिच्या आईची लकब होती ती. आणि उरलेले बटाटे तिनेच सोलले.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी आद्वाला स्थळ आलं. फ्रीडा नावाची स्थळं जुळवणारी बाई होती, सत्तरीची, पायांत सूज, पर्समध्ये वह्या. ती म्हणाली, "मुलगा एकोणतीसचा. गेदाल्या. पिढ्यान्‌पिढ्या धर्म पाळणारं घर. आजोबा मोठे विद्वान."

"मग आमच्याकडे कसा वळला?" योखेवेदने विचारलं. जन्मापासून धर्मातल्या घरचा मुलगा परतलेल्या मुलीकडे येतो तेव्हा त्याच्यातही काहीतरी असतं, हे दोघींना माहीत होतं.

"डाव्या कानानं ऐकू येत नाही. बायकोसाठी एक कान पुरतो."

तीन भेटी झाल्या. आद्वा प्रत्येक भेटीनंतर जिना दोन दोन पायऱ्या ओलांडत चढायची. योखेवेदला ते पाहून धडकी भरली आणि ती घराच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे, गेली. रब्बी तुविया थकलेले, सरळ गृहस्थ होते. तिने नाव न घेता सगळं सांगितलं. घरात सीमेवर भाऊ गेलेली एकच मुलगी होती, पण नाव न घेणं हा नियम होता.

रब्बींनी दाढीत बोटं घातली. "डॉक्टर म्हणाला, बरी आहे. मग बरी आहे. ही खोट नाही. मुलीनं स्वतः चौथ्या भेटीत मुलाला सांगावं, म्हणजे लपवल्यासारखं होणार नाही. तुम्ही काही सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणा, निरोगी, चांगली मुलगी आहे. संपलं."

"निरोगी, चांगली मुलगी आहे," योखेवेदने म्हणून पाहिलं.

"हां. असंच."

चौथी भेट मंगळवारी होती. आद्वा साडेचारला निघाली. एलूल, म्हणजे वर्षाचा शेवटचा महिना, नुकताच लागला होता. रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर शेजारच्या सभास्थानातून शिंग फुंकल्याचा आवाज येई. त्या महिन्यात माणसं वर्षभराचा हिशेब आठवू लागतात आणि एकमेकांना जरा जास्तच नमून वागतात. पाच वाजता फोन वाजला. गेदाल्याची आई, बत्या.

"मी फार वेळ नाही घेणार हं बाई," बत्या म्हणाली आणि वीस मिनिटं घेतली. मुलगी उन्हाळ्यात मोजे घालते का? घालते. आईशी फोनवर कसं बोलते, आवाज चढवते का? नाही. शब्बाथच्या टेबलावरच्या ताटल्या एकावर एक रचून उचलते की सुट्या? सुट्या. टेबलावर अंथरायचं कापड त्यांच्या घरी पांढरंच का? योखेवेद म्हणाली की त्यांच्या घरी दीड वर्षापूर्वीपर्यंत टेबलावर कापडच नव्हतं, पण आता मुलीने स्वतः नेऊन दिलंय, पांढरं.

बत्या हसली. हसणं चांगलं होतं. काम झाल्यात जमा होतं.

"आणि तब्येतीचं काय? म्हणजे, आम्हाला माहीत असावं असं काही?"

योखेवेदकडे वाक्य तयार होतं. रब्बींनी दिलेलं, तिने पाठ केलेलं, चार शब्दांचं. तोंडापर्यंत आलं आणि 'निरोगी'पाशी अडलं. निरोगी म्हणजे आता निरोगी की नेहमीच निरोगी? ऐकणारी बाई काय समजेल? समजेल ते खोटं ठरलं तर? सवयीने तिचा अंगठा मिटला. घाई करायची नाही. तर्जनी. वाढवायचं नाही. मधलं बोट. हेतू. तिचा हेतू काय होता? तिला मुलगी जायला हवी होती की नको होती? हा विचार कुठून आला ते तिला कळेना, आणि तो पुरता तपासल्याशिवाय पुढच्या बोटावर जाणं तिला योग्य वाटेना. मग चौथं. दुसरा मार्ग आहे का?

"हॅलो?" बत्या म्हणाली.

योखेवेद करंगळीकडे बघत होती.

"कळलं," बत्याचा आवाज खाली आला, मऊ झाला. "कळलं हं, बाई. देव तुमचं भलं करो. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता."

फोन ठेवल्याचा आवाज आला. योखेवेदने करंगळी मिटली आणि म्हणाली, "निरोगी, चांगली मुलगी आहे." इस्त्री तापून लाल झाली होती.

सात वाजता आद्वा आली. ती जिना चढलीच नाही, खालीच इस्त्रीच्या टेबलावर बसली. "सांगितलं. सगळं. आणि तो काहीच बोलेना. मला वाटलं, मेले. मग म्हणतो कसा, माफ करा, तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसलाय, मला एक शब्द ऐकू आला नाही." ती हसता हसता डोळे पुसत होती. "उठून उजवीकडे बसले आणि परत सांगितलं. बॅगेपासून. दोनदा सांगावं लागलं हो मला! तर म्हणाला, माझ्या मावशीलाही असं झालं होतं. आणि म्हणाला, फाटकाशी किती वेळ उभ्या होतात? हे आजवर कुणी विचारलं नव्हतं मला."

"चांगला आहे," योखेवेद म्हणाली.

"फोन आला होता का त्याच्या आईचा?"

"आला होता."

"काय म्हणाल्या?"

"ताटल्यांचं विचारत होत्या."

यातलं काहीही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फ्रीडाचा निरोप आला. तिकडून नकार. कारण दिलेलं नाही. या व्यवहारात कारण देत नाहीत, तेही जिभेच्या राखणीतच बसतं. आद्वाने निरोप उभ्याने ऐकला. "समोर मावशीची गोष्ट सांगितली आणि घरी जाऊन आईला सांगितलं," ती म्हणाली. "वा." मग ती भांडी घासायला गेली आणि दुधाची पातेली मांसाच्या मोरीत घातली. दीड वर्षात पहिल्यांदा.

आठवड्याने फ्रीडा स्वतः आली, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून तिने थंड पाणी मागितलं आणि म्हणाली, "अगं योखेवेद, तुझी काय वाहवा चाललीय तिकडे! बत्या सगळ्यांना सांगत सुटलीय. म्हणते, मी तब्येतीचं विचारलं आणि त्या माउलीनं चकार शब्द काढला नाही. किती वेळ गप्प! म्हणते, वाईट बोलायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, अशी गप्प बसली की मला सगळं समजलं. काय जीभ ताब्यात ठेवलीय बाईनं!"

"काय समजलं तिला?"

"ते तिचं तिला ठाऊक. काहीतरी भयंकर. मुलाला तर कारणही सांगितलं नाही तिनं, मुलीची बदनामी नको म्हणून. तो दोन दिवस जेवला नाही म्हणे." फ्रीडाने पाणी संपवलं. "आहे का गं काही?"

योखेवेदने इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली, आणि आपण परत तेच करतोय हे तिच्या लक्षात आलं. "नाही!" ती जवळजवळ ओरडली. "काही नाही. काहीही नाही!"

"बरं बरं," फ्रीडा म्हणाली. तिला आता खात्रीच पटली होती.

योखेवेदने त्याच संध्याकाळी बत्याला फोन केला, मुलगी चांगली आहे म्हणून सांगितलं. बत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला कुणी भरीला घातलं असेल, बाई. मी तुमच्यावर रागावलेली नाही." गेदाल्यासाठी तोवर दुसरी मुलगी बघायला घेतली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर योखेवेदने मूग गिळून दिवस काढले असते. पण महिन्याच्या अखेरीस आद्वाला दुसरं स्थळ आलं. हाही परतलेलाच, आधी बस चालवायचा, आता ग्रंथ शिकत होता. दोन भेटी झाल्या. योखेवेदने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, "याला सांगशील ना?"

"नाही."

"चौथ्या भेटीत?"

"चाळिसाव्यातसुद्धा नाही. लग्नानंतर नाही, पोरं झाल्यावर नाही." आद्वाने चादरीचं दुसरं टोक धरलं. "मला वाटलं होतं, खरं बोललं की माणसं जवळ करतात. इथे आले ती त्यासाठीच आले. तिकडे सगळे खोटं बोलायचे हो, भाऊ गेल्यावर तर फारच. मग कळलं, खऱ्याचं काय होतं ते. लावला कानाला खडा."

योखेवेदने चादरीची घडी पुरी केली.

ती परत रब्बी तुवियांकडे गेली. या खेपेला नाव घेऊन. आपण गप्प राहिलो हे सांगितलं. क्षमेच्या उपासाआधी ज्याचं वाईट केलं त्याची माफी मागावी लागते. देवाची माफी देवाकडून मिळते, माणसाची माणसाकडूनच. पण जिला माहीतच नाही तिला सांगायचं का?

रब्बी म्हणाले, "यावर दोन थोरांची दोन मतं आहेत. एक म्हणतात, सांगायलाच हवं, नाहीतर ती माफ काय करणार? दुसरे म्हणतात, सांगितल्यानं तिला नव्यानं दुःख होणार असेल तर सांगू नये. आपल्या सुटकेसाठी तिला कशाला पोळवायचं?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुम्ही दुसऱ्या मताने चला, योखेवेद. मोठा आधार आहे त्याला. सांगू नका. सगळ्या मागतात तशी मोघम माफी मागा. ती माफ करेल."

म्हणजे तिला पुन्हा एकदा गप्प बसण्याची परवानगी मिळाली होती. बावीस वर्षांत तिने रब्बींचा शब्द कधी मोडला नव्हता, बुटाच्या बाबतीतसुद्धा.

योम किप्पूरच्या, म्हणजे त्या क्षमेच्या उपासाच्या, आदल्या सकाळी घरातल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून माफी मागत हिंडत होत्या. "वर्षभरात काही बोलले-चालले असेन तर माफ कर गं." "केलं, केलं, केलं. मलाही." तीनदा म्हणायचं असतं. एकीने तर चुकून त्याच मुलीची दोनदा मागितली. योखेवेद गच्चीवर गेली. उपासाला सगळ्या पांढरे कपडे घालतात. ते दोरीवर वाळत होते आणि आद्वा चिमटे काढत होती. समोरच्या टेकडीवर कबरींच्या ओळी उन्हात तशाच पांढऱ्या दिसत होत्या.

"माफ केलं, केलं, केलं!" आद्वा तिला पाहताच म्हणाली. "मागायच्या आधीच. घ्या, तुमचा झगा वाळला."

"थांब," योखेवेद म्हणाली. "ते परत घे. आधी ऐक."

तिने सांगितलं. पाच वाजता फोन आला, काय विचारलं, वाक्य कसं तयार होतं, बोटं कशी मिटली. फ्रीडा काय म्हणाली तेही. "त्या मुलानं आईला काही सांगितलं नाही. तू खरं बोललीस म्हणून मोडलं नाही. मी बोलले नाही म्हणून मोडलं."

आद्वाच्या हातात चिमट्यांची पिशवी होती. ती तिने दोरीला अडकवली, नीट, दोन्ही बंद सारखे करून.

"कितव्या अटीपाशी थांबलात?"

"चौथ्या."

"दुसरा काही मार्ग आहे का."

"हो."

"होता का?"

"होता," योखेवेद म्हणाली. "चार शब्द बोलायचा."

खालच्या रस्त्यावरून बेकरीची गाडी गेली. "तुम्ही वाईट बोलला असतात तर बरं झालं असतं," आद्वा म्हणाली. "अकरा दिवस म्हणाला असतात तर तिला निदान अकरा तरी कळले असते. गप्प राहिल्यावर तिनं किती धरले असतील? वर्षं धरली असतील. मी कुणाचा गळा दाबला असं धरलं असेल." तिचा आवाज चढला नाही. "आणि परवापर्यंत तुम्ही मला बघत होतात. मी त्याला शिव्या देत होते, एका कानाचा म्हणून. तुम्ही घड्या घालत होतात."

"हो."

"का सांगितलंत आता?"

"तू याला सांगणार नव्हतीस म्हणून."

आद्वा दोरीकडे वळली. मग तिने योखेवेदचा झगा काढून तिच्या हातात दिला.

"माफ कर, पोरी," योखेवेद म्हणाली.

"नाही होत," आद्वा म्हणाली. "आत बघितलं, तर नाहीये. म्हणायला म्हणेन मी, तीनदा म्हणेन, खाली सगळ्या म्हणताहेत तसं. पण ते खोटं होईल. आणि खोटं बोलू नकोस हेच सांगायला तुम्ही वर आलात ना?"

योखेवेद झगा घेऊन खाली गेली. उपासाआधीच्या जेवणात आद्वाने तिच्या ताटात वाढलं, सूप सांडू न देता, आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत योखेवेद पांढऱ्या झग्यात उभी राहून सगळ्या प्रार्थना म्हणाली. माणसाचं माणसाने मिटवलं नसेल तर हा दिवस ते मिटवत नाही, हे त्या प्रार्थनेआधी वाचलं जातं. तिला ते वाचायची गरज नव्हती.

आद्वाने बस चालवणाऱ्याला चौथ्या भेटीत सांगितलं. त्याने दोन आठवडे विचार केला आणि नकार दिला, कारण सांगून. पुढच्या दोघांनीही. हिवाळा सरता सरता तिने पलंग रिकामा केला. आता ती मिग्दाल हाएमेकला टपाल कचेरीत आहे, एका खोलीत राहते, शब्बाथ पाळते, एकटी. ताटल्या सुट्याच उचलत असेल. रचायला दुसरी ताटली नाही.

योखेवेदचं नाव मात्र वाढतच गेलं. तिच्याकडे एका मुलीमागे चार चार फोन येऊ लागले. आया प्रश्न विचारून कान देऊन बसत. ती काय म्हणते यापेक्षा कधी म्हणत नाही ते ऐकायला. तिने फोन घ्यायचं सोडून पाहिलं. तर घरमाता फोनवर यायलाच तयार नाहीत म्हणजे मुलीत मोठंच काहीतरी आहे, असं एका आईने धरलं. मग ती परत फोन घेऊ लागली, आणि प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर देऊ लागली. बोटं आता रिसीव्हरभोवती घट्ट असतात. गेल्या दोन वर्षांत तिचं नाव उतरलंय. वयानुसार घरमाता जरा बडबड्या झाल्या, असं लोक म्हणतात.

माफी तीनदा मागितली की मागणाऱ्याची जबाबदारी संपते, असा नियम आहे. तिसऱ्या वर्षानंतर रब्बी तुवियांनी तिला तो मुद्दाम वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला. ती अजूनही दर वर्षी उपासाच्या आदल्या सकाळी टपाल कचेरीत फोन लावते. यंदा सातवं वर्ष.

"योखेवेद बोलतेय."

"माहितीये. आज दुसरं कोण करणार?" मागे कुणीतरी शिक्के मारत होतं. "गुडघे कसे आहेत?"

"आहेत. तू?"

"बरी आहे. थंडी पडायला लागली इकडे. घरात किती मुली आहेत आता?"

"एकतीस. मोरी तुंबते." मग योखेवेदने विचारलं. तेच शब्द, कमी नाहीत, जास्त नाहीत.

पलीकडे शिक्के पडत राहिले. आद्वा आत बघत होती हे योखेवेदला माहीत होतं. दर वर्षी ती खरोखरच बघायची.

"नाही," आद्वा म्हणाली. "अजून नाही. पुढच्या वर्षी विचारा."

"विचारीन."

"उपास सोपा जावो, योखेवेद."

"तुलाही गं," योखेवेद म्हणाली, आणि फोन ठेवून सूप ढवळायला गेली. उपास सूर्यास्ताला लागतो, आणि एकतीस जणींना त्याआधी जेवायचं होतं.